पाठमोरे प्रॉसरसाहेब

ब्रॅम्पटनच्या त्या मैदानावर रविवारी दुपारी जो कोणी पहिल्यांदा येई, त्याला एक दृश्य हमखास दिसे. मैदानात दोन्ही संघांचे पोक्त, पोट सुटलेले पुरुष चेंडूमागे धापा टाकीत आहेत. आणि रेषेबाहेर, मैदानाकडे पाठ करून, एक उंच म्हातारा घडीच्या खुर्चीत ताठ बसला आहे. अंगात काळा ओव्हरकोट, मग जुलै का असेना. गळ्यात टाय. तोंडात पेपरमिंट. समोर पाहण्यासारखे काही नाही: कुंपण, कचऱ्याचा डबा आणि पार्किंग लॉट. नवखा मनुष्य हळूच विचारी, "हे आजोबा रुसलेत का?"

ते रुसलेले नसत. ते आमचे कोच होते.

ग्विलिम प्रॉसर हे त्यांचे नाव. वेल्समधील एका कोळशाच्या खोऱ्यात जन्मलेले, ऐंशीच्या उंबरठ्यावरचे गृहस्थ. त्यांच्याविषयी लिहिण्याचा अधिकार मला कसा पोहोचतो, हे आरंभीच नमूद करणे उचित होईल. मी वसईच्या तहसील कचेरीबाहेर वीसेक वर्षे अर्ज लिहिण्याचा व्यवसाय केला. शिक्षण आठवीपर्यंत, परंतु माझ्या हातचा अर्ज तहसीलदार उभे राहून वाचीत, असे लोक म्हणत. मी स्वतः तसे म्हणत नाही. पुढे पत्नीला येथील नर्सिंग होममध्ये नोकरी लागली आणि मी तिच्यामागोमाग कॅनडात आलो. आठवडाभर मी वेअरहाऊसमध्ये खोक्यांवर लेबले चिकटवतो. परंतु शनिवारी सकाळी कॉफीच्या दुकानातील कोपऱ्याच्या टेबलावर आमच्या वसईकरांचे सर्व अर्ज मीच लिहितो, आणि 'सोपारा स्टार्स' या चाळिशी उलटलेल्या पुरुषांच्या फुटबॉल क्लबचा मानद सचिवही मीच आहे. फुटबॉल मला कळत नाही. सचिवाला तो कळण्याची आवश्यकता नसते.

प्रॉसरसाहेब आम्हाला त्या कॉफीच्या दुकानातच लाभले. साल दोन हजार पंधरा असावे. आमचा कप्तान बावतीस लोपीस, जो अठरा चाकी ट्रक चालवतो आणि गोलमध्ये उभा राहतो, तो टेबलावर साखरेच्या पुड्या मांडून आदल्या रविवारचा पराभव समजावून सांगत होता. शेजारच्या टेबलावर हे साहेब बसले होते. त्या दुकानाचा चहा त्यांना मान्य नसे; ते खिशातून स्वतःची टीबॅग काढून नुसते गरम पाणी मागत. ते उठले, आमच्या टेबलापाशी आले आणि एका पुडीवर बोट ठेवून म्हणाले, "तुमचा लेफ्ट हाफ इथे काय करतोय?" (त्यांचे बोलणे इंग्रजीतले. येथे मी ते मराठीत उतरवीत आहे. अर्थाची जबाबदारी माझी.)

बावतीस म्हणाला, "अंकल, तो लेफ्ट हाफ नाही. साखर आहे."

"असेल. पण चुकीच्या जागी आहे."

बावतीसने पुडी सरकवली, आणि साहेब त्या टेबलावर बसले ते बसलेच.

ते त्यांच्या खोऱ्यातले पहिले पगारी फुटबॉलपटू. आपण याला मान समजू. तेथे तसे नव्हते. ते लोक कर्मठ चॅपलवाले. खाणीत उतरून मरावे ते पुण्य, आणि चेंडू लाथाडून पगार घ्यावा तो जुगार, असा तेथील हिशेब. शहरातल्या क्लबाचा मनुष्य करार घेऊन आला, त्या रविवारी पाद्रीसाहेबांनी उपदेशात ग्विलिमचे नाव घेतले म्हणतात. निघण्याच्या दिवशी त्यांची आई दारात उभी राहिली, मुलाचे बूट पोटाशी धरून. म्हणाली, "वचन दे. प्रभूच्या दिवशी चेंडूला पाय लावणार नाहीस. आणि दुसऱ्या कुणाला लावायला शिकवणारही नाहीस." ग्विलिमने वचन दिले, बूट घेतले आणि गाडी पकडली. त्या काळी त्यांच्याकडे रविवारी सामनेच नसत. वचन फुकटात पडले. मी आयुष्यात कित्येक प्रतिज्ञापत्रे लिहिली आहेत. ज्या अटीची तूर्त काहीच अडचण नाही, तीच पुढे आडवी येते, असा माझा अनुभव आहे.

खेळाडू म्हणून ते कसे होते, हे त्यांच्याच तोंडून ऐकावे लागे, आणि ते एकच गोष्ट सांगत. एका सामन्यात एका फार नावाजलेल्या फॉरवर्डला अडवण्याचे काम त्यांच्याकडे होते. त्या मनुष्याने तीन गोल केले. सामन्यानंतर सगळा संघ माना खाली घालून बसला असता त्यांचा मॅनेजर प्रत्येकाला फैलावर घेत यांच्यापर्यंत आला, थांबला आणि म्हणाला, "प्रॉसर, तू निदान हजर होतास." हीच त्यांच्या कारकिर्दीतील सर्वांत मोठी शाबासकी. ती ते इतक्या अभिमानाने सांगत की आम्हीही पुढे एकमेकांना तीच देऊ लागलो. कपाळावर एक आडवा व्रण होता. पावसात भिजून दगड झालेल्या कातडी चेंडूची तोंड आवळणारी नाडी हेडर मारताना तेथे उमटली होती. मग गुडघा गेला, कारकीर्द गेली, आणि साहेब बोटीने कॅनडात आले. दिवसा कारखान्यात, संध्याकाळी मैदानावर.

"आधी इटालियन आले, त्यांना शिकवलं," ते सांगत. "मग पोर्तुगीज. मग जमेकन. मग तमिळ. आता तुम्ही. मैदान तेच. प्रत्येक भाषेतल्या शिव्या पाठ झाल्या; खेळ मात्र एकाही भाषेत सुधारला नाही."

या सर्व संघांचे सामने शनिवारी असत. आमची लीग रविवारची. बावतीसने हे सांगितले तेव्हा साहेबांनी तोंडातली पेपरमिंट चघळून संपवली. मग म्हणाले, "गुरुवारी शिकवीन. रविवारी येऊन नुसता बसेन. मैदानाकडे पाठ करून. बसण्याबद्दल आई काही बोलली नव्हती."

आणखी एक गोष्ट येथे सांगणे भाग आहे, कारण पुढील सर्व प्रकरण तिच्यावर टेकलेले आहे. साहेब विधुर होते. एकुलती मुलगी मेगन कॅल्गरीत. वडिलांनी आपल्याकडे येऊन राहावे असा तिचा धोशा होता आणि त्यांना ते फासावर जाण्यासारखे वाटे. अखेर बापलेकीत असे ठरले होते, की जोवर त्यांच्याकडे एक संघ आहे तोवर ते ब्रॅम्पटनला राहतील. ज्या दिवशी संघ सुटेल त्या दिवशी कॅल्गरी. म्हणजे आमच्यासारखे गचाळ खेळणारे लोक एका वृद्धाचे घर सांभाळीत होते.

गुरुवारी संध्याकाळी ते वेगळेच मनुष्य असत. आवाज असा, की शेजारच्या मैदानावरचे क्रिकेटवाले चेंडू टाकायचे थांबत. प्रत्येकाला ते 'बाख' म्हणत. त्यांच्या भाषेत त्याचा अर्थ 'बाळा'. बावतीसला त्याच्या लग्नापासून कोणी बाळा म्हटले नव्हते. तो त्या एका शब्दावर मैदानाला चार फेऱ्या जास्त मारी. चांगला खेळलेल्याला पेपरमिंट मिळे. वाईट खेळलेल्यासमोर साहेब तीच पेपरमिंट कागद सोडवून स्वतः खात, आणि सावकाश खात.

सर्वांत जास्त पेपरमिंट गमावल्या त्या सायमन डाबरेने. सायमन शाळेची बस चालवतो आणि आमचा डावा विंगर आहे. त्याला जन्मजात खोड अशी, की चेंडू दिसला की तो आपली बाजू सोडून गर्दीत मध्ये घुसे. साहेब ओरडत, "डावीकडे, सायमन बाख, डावीकडे! एवढी मोकळी जागा तुला या देशात कोणी पुन्हा देणार नाही!" सायमन, जो बायको, दोन मुले आणि सासूसह बेसमेंटमध्ये राहत असे, तो मान डोलावी आणि पुन्हा मध्ये घुसे. गर्दीशिवाय त्याला करमतच नसे.

आमच्या चर्चच्या सणाला आम्ही त्यांना जेवायला बोलावले. बावतीसच्या बायकोने भाजलेल्या कोंबडीचे झणझणीत भुजिंग केले होते, आगाशीच्या पद्धतीचे. साहेबांनी पहिला घास घेतला. चेहरा लाल झाला, कपाळावरचा व्रण पांढरा पडला. कोणीतरी पाणी आणायला धावले. त्यांनी हाताने थांबवले आणि म्हणाले, "आमच्या खाणीतसुद्धा यापेक्षा थंड होतं." आणि दुसऱ्यांदा मागून घेतले.

तर रविवार. पहिले काही रविवार साहेब खरोखर नुसते बसले. पाठीमागे आरडाओरडा चालू आणि समोर कचऱ्याचा डबा. त्यांचे हाल पाहवत नसत. शेवटी बावतीसने आपल्या जुन्या ट्रकचा बाजूचा आरसा आणून त्यांच्या खुर्चीच्या हाताला स्क्रूने बसवला. हातभर लांब आरसा. साहेबांनी तो थोडा डावीकडे वळवला, थोडा वर, आणि म्हणाले, "पाहण्याबद्दल आई काही बोलली नव्हती."

पण पाहून गप्प राहणे हे न पाहण्यापेक्षा कठीण. एका रविवारी आमचे बचाववाले नुसते टाळ्या वाजवायला उभे असल्यासारखे उभे होते. मी शेजारी होतो. साहेबांची मान ताठ झाली, ओठ हलू लागले, आणि अकस्मात ते गाऊ लागले. वेल्श भाषेतले चॅपलचे स्तोत्र. काय तो आवाज! खाणीच्या तळातून यावा तसा. गाता गाता उजवा हात आरशासमोर खालून वर नेत होते: मागे काय उभे राहता, वर सरका.

आता येथे जे घडले ते दुसऱ्या कोणत्याही संघाकडून घडले नसते. आम्ही वसईचे ख्रिस्ती. सोपारा स्टार्सचे बहुतेक खेळाडू चर्चच्या गायकवृंदात. बचावफळी सगळी बेस, म्हणजे खालच्या सुराची; आघाडी टेनर, वरच्या सुराची. महिन्यातून एकदा मराठी मिस्सा असते तेव्हा हीच मंडळी वरच्या सज्जात असतात. स्तोत्र सुरू झाले की जिथे असू तिथे थांबायचे, हे आईच्या दुधासोबत मिळालेले. तेव्हा साहेबांनी पहिली ओळ म्हटली आणि आमचा संघच्या संघ मैदानात थांबला. बावतीसने हातमोजे काढले. सायमनने क्रूसाची खूण केली. बचावफळीने शब्द येत नसतानाही खालचा सूर धरला, आणि तोही बिनचूक. समोरचा संघ मिसिसागाचा होता. त्यांच्या फॉरवर्डने इकडेतिकडे पाहिले, चेंडू हळूच आमच्या गोलात ढकलला आणि क्षमा मागितल्यासारखा परत गेला.

"थांबलात का?" मध्यंतरात साहेब कचऱ्याच्या डब्याला उद्देशून विचारू लागले.

बावतीस म्हणाला, "अंकल, तुम्ही देवाचं गाणं म्हणत होता."

"देव धावणाऱ्यांचंही ऐकतो!"

त्यानंतरचे गुरुवार म्हणजे पाहण्यासारखे प्रकरण होते. स्तोत्र ऐकत धावायचे, हे शिकायला आमच्या लोकांना गोल करण्यापेक्षा जास्त वेळ लागला. पण ते शिकले. संथ स्तोत्र म्हणजे मागे या. मेंढपाळाचे स्तोत्र म्हणजे गोलभोवती जमा व्हा. एक होते उंच पट्टीतले, ते फक्त सायमनसाठी: डावीकडे. "गाण्याबद्दल आई काही बोलली नव्हती," साहेब म्हणाले. पण यावेळी, असे मला वाटले, थोडे घाईने म्हणाले. आम्ही सामने जिंकू लागलो. सगळेच नव्हे, पण लोक विचारू लागण्याइतके.

मग तक्रार झाली. लीगचा नियम असा, की रेषेजवळून सूचना देणाऱ्याजवळ प्रमाणपत्र पाहिजे. साहेबांजवळ ते नव्हते. एकदा ते प्रमाणपत्राच्या वर्गाला गेले होते. शिकवणारा तरुण म्हणाला, प्रत्येकाने सांगा, तुम्हाला हा खेळ का आवडतो. साहेब म्हणाले, "आवडतो असं तुला कोणी सांगितलं? माझा धंदा होता तो," आणि चहाच्या सुट्टीआधी घरी आले. म्हणून कागदोपत्री आमचा कोच बावतीस होता आणि साहेब प्रेक्षक. मिसिसागावाल्यांनी मैदानातच रेफरीला गाठले. रेफरी ब्रॅम्पटनचे एक सरदारजी. ते म्हणाले, "अरे भाई, बुजुर्ग हैं, भजन कर रहे हैं. करने दो." तेव्हा त्यांनी लीगकडे लेखी तक्रार केली: सदर प्रेक्षक गाण्याच्या दुसऱ्या कडव्यावर गोल करवतो.

दोषी ठरले तर साहेबांना मैदानबंदी, म्हणजे संघ सुटला, म्हणजे कॅल्गरी. मेगनच्या कानावर सगळे गेलेच होते. क्लबाने प्रकरण माझ्या हाती सोपवले. मी संपूर्ण शनिवार बसून अर्ज लिहिला. तो माझ्या उत्तम अर्जांपैकी एक आहे. 'अर्जदार वयोवृद्ध असून रविवारी ईश्वरस्तुती करणे हा त्याचा हक्क आहे. स्तुती चालू असता कोणाकडून गोल झाल्यास तो दैवी योगायोग समजण्यात यावा.' माझ्या मुलीने त्याचे इंग्रजी केले आणि 'दैवी योगायोग' गाळला. म्हणाली, "डॅड, नोबडी सेज दॅट." मी तो पुन्हा घातला.

सुनावणी कम्युनिटी सेंटरच्या एका खोलीत झाली. तीन जणांची समिती; अध्यक्ष जोआव फेरेरा नावाचे टक्कल पडलेले गृहस्थ. साहेब आत येताच ते उभे राहिले आणि "गुड इव्हनिंग, कोच" म्हणाले. तेव्हा कळले, की पोर्तुगीजांच्या काळात हे त्यांच्या हाताखाली खेळलेले. मी मनात म्हटले, अर्ज अर्धा मंजूर.

फेरेरांनी माझा अर्ज मोठ्याने वाचला. दैवी योगायोगापाशी थोडे थांबले, पण वाचला. मग चष्मा काढून अगदी मायेने म्हणाले, "मिस्टर प्रॉसर, साधी गोष्ट आहे. तुम्ही फक्त देवाची गाणी म्हणत होता. बरोबर ना? फक्त हो म्हणा आणि आपण सगळे घरी जाऊ."

साहेबांनी तोंडातली पेपरमिंट काढून रुमालात गुंडाळली. हे ते एरवी फक्त चर्चच्या दारात करीत.

"आई गाण्याबद्दल काही बोलली नव्हती," ते म्हणाले.

मी बावतीसच्या मांडीवर थाप मारली. जिंकलो.

"पण तिला काय म्हणायचं होतं, ते मला माहीत होतं," साहेब पुढे म्हणाले. "पहिल्या रविवारी खुर्ची मांडली तेव्हाच माहीत होतं. मी कोचिंग करत होतो, जोआव. प्रत्येक कडव्यात."

फेरेरा कळवळून म्हणाले, "कोच, मी उत्तर तुमच्या पायाशी आणून ठेवलं होतं!"

"तू पास नेहमी असेच द्यायचास," साहेब म्हणाले. "समोरच्याने मागितलेला नसताना."

निकाल व्हायचा तो झाला. सामन्याच्या दिवशी कुंपणाच्या आत यायचे नाही, आणि ही बंदी पाळली जाते की नाही हे पाहण्याची जबाबदारी क्लबाच्या सचिवाची. मेगनच्या हिशेबी संघ सुटला. बाहेर पार्किंग लॉटमध्ये मी त्यांना बरेच बोललो. माझ्या व्यवसायात जिंकलेला अर्ज अर्जदाराने स्वतः फाडल्याचे हे पहिले उदाहरण होते. साहेबांनी ऐकून घेतले.

"पेद्रू," ते म्हणाले, "वचन मोडलं ते मोडलं. देवाची गाणी म्हणत मोडलं. आता वर ती नुसती गाणीच होती म्हणून सांगू? मी लवकरच तिकडे जाणार, बाख. आई दारातच उभी असेल. बूट घेऊन." मग म्हणाले, "त्या दारापुढे कॅल्गरी बरी वाटेल."

मेगन त्यांना न्यायला आली ती ऑक्टोबरात, हंगामाच्या शेवटच्या रविवारी. स्वभावाने अगदी वडिलांवर गेलेली. फक्त पेपरमिंट नव्हती. विमानतळावर जायच्या वाटेवर साहेबांनी गाडी मैदानाच्या लॉटमध्ये आणली आणि ती मैदानाकडे मागची बाजू करून उभी केली. काच बंद. वरच्या छोट्या आरशात त्यांचे डोळे दिसत होते. मी फाटकापाशी सचिव या नात्याने उभा होतो. त्यांनी हॉर्न वाजवला नाही, ओठ हलवले नाहीत.

सामना बरोबरीत चालला होता. सायमन नेहमीप्रमाणे मध्ये घुसला आणि गर्दीतून त्याने जी लाथ घातली, तो चेंडू गोलावरून, कुंपणावरून उडून लॉटमध्ये पडला, आणि घरंगळत साहेबांच्या गाडीपाशी आला. साहेब दार उघडून उतरले. चेंडू त्यांच्या डाव्या बुटाला लागून थांबला. कुंपणापलीकडे सगळा संघ उभा. एक लाथ, त्या गुडघ्यानेही जमली असती. आमच्यापैकी एकानेही त्यांना कधी चेंडू मारताना पाहिलेले नव्हते. गुरुवारीसुद्धा ते काठीनेच दाखवीत. मला वाटले, आता कोण विचारणार आहे?

साहेब खाली वाकले. वाकायला फार वेळ लागला. चेंडू दोन्ही हातांत घेतला, फाटकापर्यंत चालत आले आणि सायमन धावत आला तेव्हा कुंपणावरून त्याच्या हातात दिला. मग खिशातून एक पेपरमिंट काढून चेंडूवर ठेवली.

सायमन पाहतच राहिला. त्याला पहिल्यांदाच मिळत होती, आणि तीही अशा फटक्याला.

"डॅड, फ्लाइट!" मेगन गाडीतून ओरडली.

साहेबांनी माझ्याशी हात मिळवला. म्हणाले, "पेद्रू, तू निदान हजर होतास." मग गाडीत बसले. गाडी हळूहळू लॉटच्या तोंडाशी गेली. विमानतळाला जायला उजवीकडे वळावे लागते. गाडी उजवीकडेच वळली. पण मागचा दिवा लुकलुकत होता तो डावीकडचा. मेगनने काच खाली केली होती, तिचा आवाज मला स्पष्ट ऐकू आला: "डॅड, लेफ्टचा सिग्नल चालू आहे! डॅड!" दिवा लुकलुकतच राहिला. कुंपणाच्या कडेने, रस्त्याने, मैदान संपेपर्यंत.

अर्ज लिहावा लागला असता तर मी लिहिले असते, की सदर दिवा चालकाच्या वार्धक्यामुळे व नजरचुकीने चालू राहिला. परंतु सायमनने तो पाहिला. पेपरमिंट गालात ठेवून, गर्दीकडे पाठ फिरवून, तो डावीकडच्या त्या रिकाम्या जागेत एकटाच धावत सुटला.